दोघांची शर्यत, एकट्याचा रस्ता

मार्च-एप्रिल २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा २४ वर्षांचा सायकलपटू बरी स्टँडर याने काही दिवसांच्या अंतराने दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. पहिली पीटरमारित्झबर्ग येथील विश्वचषक मालिकेतील क्रॉस-कंट्री शर्यत. ती साधारण दीड तासात संपली. दुसरी केप एपिक. तिला आठ दिवस लागले. दोन्हीकडे सायकल डोंगरातच चालवायची होती आणि वाटही कच्चीच होती. तरीही १५०० मीटर धावणे आणि मॅरेथॉन यांत जितका फरक आहे, तितकाच या दोन शर्यतींत आहे. इतक्या थोड्या दिवसांत दोन्ही जिंकणारे सायकलपटू फार थोडे. या वेगळेपणाचे मूळ कशात आहे आणि अशा शर्यतींसाठी तरुण खेळाडूला काय मोजावे लागते, हे स्टँडरच्या छोट्या कारकिर्दीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते.

माउंटन बायकिंगमधील क्रॉस-कंट्री हा प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. काही किलोमीटरच्या एकाच मार्गाच्या फेऱ्या मारायच्या, खडक आणि उतार आधी पाहून ठेवायचे आणि सुरुवातीपासून जवळजवळ पूर्ण ताकदीने सायकल चालवायची, असे त्याचे स्वरूप असते. मॅरेथॉन प्रकाराची गोष्ट निराळी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांनुसार मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ६० ते १६० किलोमीटरच्या दरम्यान असावे लागते. या प्रकाराची पहिली स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. ऑलिम्पिकमध्ये मात्र तिला अद्याप स्थान नाही. त्यामुळे या शर्यतींची प्रतिष्ठा पदकांपेक्षा त्यांच्या वाटांवर उभी राहिली. कोस्टारिका ओलांडणारी ‘ला रुता दे लोस कोंकिस्तादोरेस’ १९९३ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील लेडव्हिल या समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंचावरील खाणगावात १९९४ पासून शंभर मैलांची सायकल शर्यत होते. खाण बंद पडल्यावर गावाला जगवण्यासाठी तेथे आधी शंभर मैलांची धावण्याची शर्यत भरवली गेली आणि सायकल तिच्या मागोमाग आली. आल्प्स ओलांडणारी ‘ट्रान्सआल्प’ १९९८ ची. केविन व्हर्माक या दक्षिण आफ्रिकी तरुणाने कोस्टारिकातील शर्यत स्वतः अनुभवली आणि तशीच शर्यत आपल्या देशात व्हावी म्हणून २००४ मध्ये केप एपिक सुरू केली. या शर्यतीत एक छोटा प्रास्ताविक टप्पा आणि त्यानंतर सात दिवसांचे सात टप्पे असतात. मार्ग दरवर्षी बदलतो, पण एकूण अंतर साधारण सातशे किलोमीटरच्या आसपास आणि एकूण चढाई पंधरा हजार मीटरच्या आसपास राहते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून निघून आठ दिवसांत नऊ वेळा कळसूबाई चढण्याइतकी ही चढाई झाली, आणि तीही सायकलवरून.

मात्र केप एपिकचे खरे वैशिष्ट्य अंतरात नाही. ही शर्यत दोघांनी मिळून करायची असते. जोडीतील दोघांमध्ये संपूर्ण मार्गावर दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये. पडल्यास वेळेचा दंड होतो आणि चूक पुन्हा पुन्हा झाल्यास जोडी बाद ठरते. एकाने शर्यत सोडली, तर दुसऱ्याला पुढे जाता येते, परंतु जोडीच्या निकालात त्यांचे नाव उरत नाही. या एका नियमाने शर्यतीचे गणित बदलते. जोडीचा वेग बलवानाच्या नव्हे, त्या दिवशी थकलेल्याच्या वेगाने ठरतो. आणि आठ दिवसांत थकण्याची पाळी दोघांवरही येते. आज पुढे राहून वाऱ्याला तोंड देणारा उद्या साथीदाराच्या मागच्या चाकाला चिकटून कसाबसा तग धरतो. चढावर साथीदाराच्या पाठीला हात लावून ढकलणे हा येथे कमीपणा समजला जात नाही.

स्टँडरचा साथीदार होता क्रिस्टोफ सौझर. स्वित्झर्लंडचा हा खेळाडू त्याच्याहून ११ वर्षांनी मोठा होता. सिडनी ऑलिम्पिकचे कांस्यपदक, २००७ चे मॅरेथॉनचे जगज्जेतेपद आणि २००८ चे क्रॉस-कंट्रीचे जगज्जेतेपद त्याच्या नावावर होते. स्टँडरचा प्रवास लहान शर्यतींतून आला होता. वयाच्या विसाव्या वर्षी तो बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पंधरावा आला, २००९ मध्ये कॅनबेरा येथे २३ वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी वरिष्ठ गटात त्याने जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक मिळवले. दीड तासाच्या शर्यतीत जगातील मोजक्या वेगवान सायकलपटूंमध्ये त्याची गणना होऊ लागली होती. पण वेग असला म्हणजे केप एपिक जिंकता येते असे नाही. २०११ पूर्वीही ही जोडी या शर्यतीत उतरली होती आणि विजेतेपदाशिवाय परतली होती. २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी कार्ल प्लाट आणि स्टेफान साम ही जर्मन जोडी विजेती ठरली.

मॅरेथॉनमध्ये हरण्याची कारणे अनेकदा पायांत नसतात. पहिले कारण पोटात असते. मानवी शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम कर्बोदके साठवू शकते. जोरात सायकल चालवताना हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. क्रॉस-कंट्रीची शर्यत तोवर संपलेली असते. मॅरेथॉनच्या टप्प्यात मात्र आघाडीच्या खेळाडूंचे आणखी दोन-तीन तास बाकी असतात आणि मागच्यांचे पाच-सहा. साठा संपला की स्नायू असूनही पाय चालत नाहीत, डोळ्यांसमोर अंधारी येते, मन चिडचिडे होते. सायकलपटूंच्या बोलीत याला ‘बॉन्क’ म्हणतात. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासापासूनच खाणे सुरू करावे लागते. आतडे केवळ ग्लुकोज असेल तर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके शोषू शकते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळ्या मार्गांनी शोषले जात असल्याने दोहोंचे मिश्रण घेतल्यास ही मर्यादा ९० ग्रॅमपर्यंत जाते. तीन-चार केळी दर तासाला, तीही खडकाळ उतारावर दोन्ही हात हँडलवर असताना, धापा टाकत गिळायची, अशी कल्पना केली म्हणजे हे काम किती अवघड आहे ते कळते. त्यामुळेच जेल आणि साखरेचे पेय यांना पर्याय राहत नाही. पोटालाही या खाण्याची सवय आधी महिनोन्‌महिने सरावात लावावी लागते. तरुण खेळाडूंना हा धडा बहुतेक वेळा एखादी शर्यत गमावूनच मिळतो.

दुसरे कारण जमिनीवर पडलेले असते. दक्षिण आफ्रिकेच्या वाळवंटी आणि निमवाळवंटी भागातील वाटांवर ‘डुविलकी’ नावाचे काटे असतात. ही वनस्पती मराठी वाचकाला परकी नाही. तो आपला सराटा, म्हणजेच गोखरू. शेताच्या बांधावरून सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला त्याचा प्रताप ठाऊक असतो. या काट्यांमुळे शर्यतीच्या सायकलींना ट्यूब नसते. टायरच्या आत लॅटेक्सचा पातळ द्राव भरलेला असतो. छिद्र पडताच तो बाहेर येऊन गोठतो आणि छिद्र बुजते. मोठी चीर पडली तर मात्र उतरून ती रबरी पट्टीने स्वतः बुजवावी लागते. यांत्रिक मदत ठरावीक ठिकाणीच मिळते. वाटेत बिघाड झाल्यास आपण, आपला साथीदार किंवा एखादा दयाळू प्रतिस्पर्धी, एवढाच आधार. चेन तुटणे, गिअरचा हँगर वाकणे, स्पोक मोडणे हे सातशे किलोमीटरमध्ये अपघात म्हणून नव्हे, तर होणारच असे धरून चालावे लागते. खडकाळ उतारावर सर्वांत वेगवान रेषा कोणती हे क्रॉस-कंट्रीचा खेळाडू पाहतो. मॅरेथॉनचा खेळाडू चाक शाबूत ठेवणारी रेषा पाहतो. पाच सेकंदांचा लाभ आणि दहा मिनिटांचा तोटा यांतली निवड दिवसात शेकडो वेळा करायची असते. चोविशीच्या आतल्या खेळाडूला हा संयम साथीदारच शिकवू शकतो. याच काळात २६ इंची चाकांच्या जागी २९ इंची चाके रूढ होत होती. मोठे चाक दगड आणि खळगे अधिक सहजपणे ओलांडते. लांब शर्यतीत हा फरक प्रत्येक खळग्यागणिक साठत जातो.

तिसरे कारण सूक्ष्म असते, अगदी शब्दशः. गुराढोरांच्या कुरणांतून वाट गेली की चिखल आणि धूळ पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसते आणि तेथून पोटात जाते. वेल्समधील बिल्थ वेल्स येथे जुलै २००८ मध्ये झालेल्या एका माउंटन बाईक मॅरेथॉननंतर अनेक स्पर्धक कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूच्या संसर्गाने आजारी पडले. मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेला चिखल हे त्याचे कारण मानले गेले. एका दिवसाच्या शर्यतीत आजार घरी गेल्यावर येतो. आठ दिवसांच्या शर्यतीत तो तिसऱ्या दिवशी तंबूत गाठतो आणि चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा सायकलवर बसायचे असते. त्यात दोन मिनिटांचा नियम असल्याने एकाचे पोट बिघडले तर ते दोघांचेही दुखणे ठरते.

२०११ मध्ये सौझर आणि स्टँडर यांनी हे सारे सांभाळले आणि केप एपिक जिंकली. २३ वर्षांचा स्टँडर ही शर्यत जिंकणारा पहिला दक्षिण आफ्रिकी खेळाडू ठरला. स्वतःच्या देशातील सर्वांत प्रतिष्ठेच्या शर्यतीत सात वर्षे परदेशी नावे विजेत्यांच्या यादीत लागलेली पाहणाऱ्या दक्षिण आफ्रिकी प्रेक्षकांसाठी तो दिवस मोठा होता. २०१२ मध्ये या जोडीने तो पराक्रम पुन्हा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन ऑलिम्पिकमध्ये स्टँडर पाचवा आला. त्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने अंतिम रेषेजवळ स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टरला मागे टाकून सुवर्णपदक घेतले. स्टँडरचे वय तेव्हा २४ होते. माउंटन बायकिंगमध्ये सहनशक्तीचा बहर तिशीच्या आसपास येतो; सौझरने २०११ मध्ये मॅरेथॉनचे जगज्जेतेपद पुन्हा मिळवले तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. या हिशेबाने स्टँडरच्या हाती निदान दहा वर्षे होती.

येथे या खेळाची एक अशी बाब सांगणे भाग आहे, जी छायाचित्रांत कधी दिसत नाही. माउंटन बायकिंगच्या सरावाचा मोठा भाग डोंगरात होत नाही; तो डांबरी रस्त्यावर होतो. मॅरेथॉनसाठी लागणारी सहनशक्ती आठवड्याला पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक तास सायकल चालवून येते आणि त्यांतले बहुतेक तास मध्यम, एकसारख्या श्रमाचे असावे लागतात. डोंगरातील पायवाटेवर असे श्रम करता येत नाहीत. तेथे चढाला हृदय गळ्याशी येते आणि उताराला पाय रिकामे फिरतात. शिवाय रोज खडकांवर सायकल घातली तर शरीर आणि यंत्र दोन्ही झिजतात, पडण्याचा धोका वाढतो. म्हणून वाटा कौशल्यासाठी आणि रस्ता तासांसाठी, अशी विभागणी जगभरचे व्यावसायिक खेळाडू करतात. कागदावर ही विभागणी सुरक्षिततेची आहे. डोंगरात मोडलेले हाड बहुधा सांधते. रस्त्यावर मात्र धडक असते ती दुसऱ्याच्या वाहनाची, आणि तेथे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही.

३ जानेवारी २०१३ रोजी बरी स्टँडर क्वाझुलू-नाताल प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर शेली बीच येथे, आपल्या घरच्या परिसरात, सरावासाठी सायकल चालवत होता. एका मिनीबस टॅक्सीची धडक बसून त्याचा जागीच मृत्यू झाला. वय २५. आठ महिन्यांपूर्वीच त्याचा विवाह झाला होता. पत्नी शेरिस टेलर हीदेखील व्यावसायिक सायकलपटू. त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण आफ्रिकेतील अनेक शहरांत हजारो सायकलस्वार त्याच्या स्मरणार्थ एकत्र रस्त्यावर उतरले. त्या देशासाठी हे दुःख नवे नव्हते. दोन वर्षे आधी, जानेवारी २०११ मध्ये, कार्ला स्वार्ट ही २३ वर्षांची सायकलपटू सरावादरम्यान मालमोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडली होती. इटलीत २०१७ मध्ये मिकेले स्कारपोनी हा गिरो द’इटालियाचा माजी विजेता घराजवळच्या रस्त्यावर सकाळच्या सरावात एका व्हॅनखाली सापडला. तिघांनाही मृत्यू शर्यतीत आला नाही. रोजच्या रस्त्यावर आला.

२०१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केप प्रांताने मोटारचालकांनी सायकलस्वाराला ओलांडताना किमान एक मीटर अंतर ठेवलेच पाहिजे, असा नियम लागू केला. केप एपिक याच प्रांतात होते. स्टँडरचा मृत्यू झाला तो प्रांत वेगळा. हा नियम तेथे लागू नव्हता.

भारतीय खेळाडूंसाठी हा दूरदेशीचा प्रश्न नाही. हिमाचल प्रदेशात २००५ मध्ये ‘एमटीबी हिमालय’ ही अनेक दिवसांची डोंगरी शर्यत सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या माउंटन बायकिंगची आवड देशात हळूहळू रुजली. हिमाचल आणि उत्तराखंडमधील मुलांच्या दारात निदान डोंगर आहे. सपाट शहरांतील आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलांना मात्र तास भरण्यासाठी महामार्ग आणि घाटच गाठावे लागतात. पुण्याचे सायकलपटू पहाटे सिंहगड, दिवे किंवा बोपदेव घाटाकडे निघतात ते वाहने जागी होण्याआधी परत येता यावे म्हणून. चार-पाच तासांचा मॅरेथॉनचा सराव या वेळेत बसत नाही. परतीचा तास नेहमी वर्दळीतच येतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. सायकलची आवड असलेल्या मुलाला किंवा मुलीला घरचे लोक रस्त्यावर जाऊ देत नाहीत, तेव्हा त्यांना भित्रे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

स्टँडरच्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांनी केप एपिकची वेळ आली. सौझर सुरुवातीच्या रेषेवर आला तेव्हा त्याच्या शेजारी लंडनचा सुवर्णपदक विजेता कुल्हावी होता. ज्या शर्यतीत स्टँडर पाचवा आला, तिचाच विजेता त्याच्या जागी सायकल चालवणार होता. संघाच्या नावात स्टँडरचे नाव घातले होते. ती शर्यत या जोडीने जिंकली. त्याच वर्षी सौझरने मॅरेथॉनचे जगज्जेतेपद तिसऱ्यांदा मिळवले.

संघाच्या नावात आणखी एक शब्द होता: साँगो. स्टेलेनबॉश शहराला लागून असलेल्या कायामांडी या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत साँगेझो फिपाझा याने सौझरच्या साथीने २००८ मध्ये मुलांसाठी सायकलिंग आणि अभ्यास यांचा उपक्रम सुरू केला. त्याचेच हे नाव. २०११ आणि २०१२ च्या विजयांच्या वेळीही ते सौझर आणि स्टँडर यांच्या पोशाखावर होते. २०१८ मध्ये तेच नाव लावून महिलांच्या गटात आणखी एक विषम जोडी उतरली: अनेकदा मॅरेथॉनची जगज्जेती ठरलेली डेन्मार्कची आनिका लांगवाड आणि अमेरिकेची २२ वर्षांची केट कोर्टनी. कोर्टनीची ओळख तोवर क्रॉस-कंट्रीपुरतीच होती. जोडीने शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोर्टनी क्रॉस-कंट्रीत वरिष्ठ गटाची जगज्जेती झाली. कायामांडीत या उपक्रमाच्या मुलांसाठी बीएमएक्स सायकलींची मातीची धावपट्टी तयार करण्यात आली आहे. शाळा सुटल्यावर मुले तेथे सायकल चालवतात. त्या धावपट्टीवर मोटारी येत नाहीत.